अर्धवट काम घेऊनच जाऊ द्या की पक्ष्यांच्या कॉन्फरन्सला

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. पक्षीशास्त्राच्या कॉन्फरन्सची बातमी पेपरात येते तेव्हा उद्घाटन कोणी केलं, किती देशांतून लोक आले, कुठला नवा शोध जाहीर झाला एवढंच असतं. ते असू दे, पण त्याच हॉलच्या मागच्या बाजूला आपापलं संशोधन मांडणाऱ्या पोस्टरच्या रांगा लागलेल्या असतात आणि तिथे एमएस्सी-पीएचडीची मुलं आपापल्या पोस्टरशेजारी उभी असतात, त्यांचं त्या तीन-चार दिवसांत काय होतं हे कुठेच छापून येत नाही. मला त्याबद्दल लिहायचंय, आणि जास्त करून गाइड मंडळींसाठी आणि कॉन्फरन्स भरवणाऱ्यांसाठी लिहायचंय. म्हणणं एकच आहे, विद्यार्थ्याला काम पूर्ण व्हायच्या आधी पाठवा. नंतर पाठवाल तेव्हा टाळ्या मिळतील पण शिकायची वेळ निघून गेलेली असेल.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी झुडपात घरटं करणाऱ्या एका छोट्या पक्ष्याच्या विणीवर पीएचडी करते. पहिल्याच वर्षी मला कॉन्फरन्सला जायचं होतं तेव्हा सांगण्यात आलं की आधी रिझल्ट येऊ देत, हातात काही नसताना तिथे जाऊन काय दाखवणार. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांच्या वेळी त्यांनाही असंच सांगितलं गेलं असणार. मी थांबले. दोन हंगाम रोज पहाटे उठून घरटी शोधली, नोंदी केल्या आणि तिसरा हंगाम सुरू व्हायच्या आधी पोस्टर घेऊन गेले. पहिल्याच संध्याकाळी एक वयस्कर संशोधक बाई माझ्या पोस्टरसमोर थांबल्या, ज्या आलेखात मी इतके टक्के घरटी यशस्वी झाली, म्हणजे त्यांतून पिल्लं उडाली, असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं तो त्यांनी नीट बघितला आणि अगदी शांतपणे विचारलं, "घरटं तुला सापडलं तेव्हा त्यात अंडी होती की पिल्लं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं काहींत अंडी होती, काहींत पिल्लं. त्या म्हणाल्या, मग जी घरटी तुला सापडायच्या आधीच साप किंवा कावळ्यांनी साफ केली ती तुझ्या हिशोबात कुठे आहेत?

तिथे उभ्या उभ्या त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर समजावून दिलं ते इथे थोडक्यात लिहिते, कारण कॉन्फरन्समध्ये काय शिकायला मिळतं हे विचारणाऱ्याला याहून चांगलं उदाहरण मला देता येणार नाही. समजा 40 घरटी सापडली आणि त्यातली 24 यशस्वी झाली, तर सरळ हिशोबाने यश 60 टक्के. पण घरटं उशिरा सापडलं याचा अर्थच हा की ते तोपर्यंत टिकलेलं होतं, पहिल्या दोन-चार दिवसांत बुडालेली, म्हणजे अंडी-पिल्लं गेलेली घरटी आपल्याला दिसतच नाहीत, त्यामुळे आकडा खोटा फुगतो. मग काय करायचं, तर प्रत्येक घरटं आपण किती दिवस नजरेखाली ठेवलं ते दिवस मोजायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती बेरीज 400 दिवस आली आणि तेवढ्यात 16 घरटी बुडाली, तर रोजचा धोका 4 टक्के, म्हणजे एक दिवस टिकण्याची शक्यता 0.96, आणि अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत 25 दिवस लागत असतील तर 0.96 ला स्वतःनेच 25 वेळा गुणायचं, उत्तर येतं साधारण 36 टक्के. घरटी तीच, नोंदी त्याच, आणि 60 चे 36 झाले. एखाद्या पक्ष्याची संख्या टिकतेय की घटतेय हे ठरवताना एवढा फरक म्हणजे निष्कर्षच उलटा होऊ शकतो.

ही पद्धत हॅरल्ड मेफील्ड यांनी 1961 साली मांडली. त्या बाईंनी मला हेही सांगितलं की मेफील्ड हौशी पक्षीअभ्यासक होते, त्यांची नोकरी वेगळ्याच क्षेत्रातली. मी वाचलेल्या पेपरांमध्ये त्यांचं नाव पद्धतीच्या भागात आलेलं होतं आणि मी ते ओलांडून पुढे गेले होते. आता त्यावरून पुष्कळ सुधारित मॉडेल निघालीत, सॉफ्टवेअर आहे, पण मुळातला विचार हाच.

आणि खरं दुःख इथे आहे. ही पद्धत वापरायची तर प्रत्येक भेटीची तारीख लागते, घरटं रिकामं दिसलं तर त्याआधी भरलेलं शेवटचं कधी बघितलं ते लागतं. पहिल्या हंगामात मी ते नीट लिहिलंच नव्हतं, सगळं ठीक असलं की नुसती खूण करायचे आणि पुढे जायचे. त्या हंगामातली बरीचशी घरटी आता मला वापरता येत नाहीत. पहिल्या वर्षी, दहा-बारा घरट्यांच्या नोंदी घेऊन, अगदी कच्चं पोस्टर लावून मी तिथे उभी राहिले असते तर हाच प्रश्न तेव्हा आला असता आणि एक अख्खा हंगाम वाचला असता. विणीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो हो, प्रयोगशाळेसारखं पुढच्या आठवड्यात परत करून बघू असं पक्ष्यांच्या बाबतीत नसतं.

म्हणून रिझल्ट आल्यावर जा हा सल्ला मला पटत नाही. रिझल्ट आल्यावर कोणी चूक दाखवली तर ती फक्त मान्य करता येते, दुरुस्त करायला परत फील्डवर जायला वेळ उरलेला नसतो.

कोणी म्हणेल की कॉन्फरन्स ही पक्कं झालेलं मांडायची जागा आहे. पण या शास्त्राचाच इतिहास बघितला तर मोठी कामं अर्धवट माहिती एकमेकांसमोर ठेवल्यामुळेच पुढे गेलीत. बहिरी ससाण्याचंच घ्या. 1964 साली अमेरिकेच्या पूर्व भागात ससाण्याच्या जुन्या माहितीतल्या घरट्यांच्या जागा तपासल्या गेल्या आणि एकाही ठिकाणी जोडी नांदताना सापडली नाही. 1965 मध्ये जोसेफ हिकी यांनी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला ससाण्यांवर काम करणारे वेगवेगळ्या देशांतले लोक एकत्र बोलावले. तेव्हा कारण कोणाच्याच हातात पक्कं नव्हतं, संशय होते, आपापल्या भागातल्या मोजण्या होत्या, आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट घडतेय. डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधले जुने अंड्यांचे संग्रह तपासून अंड्याचं कवच 1947 च्या सुमारापासून पातळ झालंय हे 1967 साली छापलं, आणि डीडीटी या कीटकनाशकाचा धागा तिथून घट्ट होत गेला.

गिधाडांची गोष्ट तर त्याहून जवळची. दक्षिण आशियात गिधाडं झपाट्याने मरत होती, कित्येक वर्षं सगळ्यांना वाटत होतं की एखादा संसर्गजन्य रोग असणार. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासून कारण शोधलं, गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे त्यांनी जाहीर केलं ते मे 2003 मध्ये, बुडापेस्टला भरलेल्या शिकारी पक्षी आणि घुबडांच्या जागतिक कॉन्फरन्समध्ये. नेचर या विज्ञान नियतकालिकातला पेपर आला 2004 साली. म्हणजे छापून येईपर्यंत ते गप्प बसले नाहीत, आणि तेवढे महिने आधी बाकीच्यांना आपापल्या भागातली मेलेली गिधाडं याच नजरेने तपासायची दिशा मिळाली. 2006 साली भारताने जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी घातली. इतक्या मोठ्या कामाची माणसं जर कॉन्फरन्समध्ये छापायच्या आधीचं बोलतात तर एमएस्सीच्या मुलीने बारा घरट्यांबद्दल बोलायला काय हरकत आहे?

आता प्रत्यक्ष तिथे शिकायला काय मिळतं. भाषणांबद्दल मी फार लिहिणार नाही, ती चांगली असतात, पण एकावेळी चार-पाच हॉलमध्ये चालू असतात आणि दिवसाला पंधरा ऐकली की संध्याकाळपर्यंत डोक्यात काही राहत नाही. मी तर आता रोज चार-पाचच निवडते आणि बाकी वेळ मोकळा ठेवते. पोस्टरची गोष्ट वेगळी. पोस्टरसमोर माणूस थांबतो तो स्वतःहून थांबतो, त्याला त्याच विषयात रस असतो आणि पाच मिनिटांचे वीस झाले तरी घंटा वाजवायला कोणी नसतं. लाजऱ्या मुलांसाठी तर पोस्टरच बरं, स्टेजवर जाऊन पाय थरथरण्यापेक्षा एकाशी एक बोलणं सोपं जातं, आणि भाषा आपली नसली तरी आलेखावर बोट ठेवून पुष्कळ काही सांगता येतं.

वर्कशॉप चुकवू नका असं मी प्रत्येक ज्युनिअरला सांगते. बहुतेक ठिकाणी मुख्य कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी असतात आणि त्यासाठी वेगळं नाव द्यावं लागतं, ते मुलांना माहीतच नसतं. आवाजाच्या रेकॉर्डिंगवरून पक्षी ओळखायला हल्ली बर्डनेटसारखी सॉफ्टवेअर आहेत, ती चालवायला कोणीही घरी शिकेल, पण सॉफ्टवेअरने दिलेलं उत्तर कधी मानायचं आणि कधी स्वतः ऐकून तपासायचं हे शेजारी बसून शिकवणारा लागतो. पक्षी हातात कसा धरायचा, पिसांच्या झडीवरून वय कसं ओळखायचं, पायात रिंग कशी घालायची, म्युझियमसाठी कातडं कसं तयार करतात ही सगळी हाताची कामं, पुस्तक वाचून येत नाहीत. ट्रान्समीटर बसवायचा तर तो पक्ष्याच्या वजनाच्या साधारण 3 टक्क्यांच्या आत ठेवायची पद्धत आहे, म्हणजे 20 ग्रॅमच्या पक्ष्याला 0.6 ग्रॅमपेक्षा जड चालणार नाही, हे वाचलेलं असतं, पण तेवढ्या वजनाचा टॅग तळहातावर ठेवला आणि त्याचा हार्नेस, म्हणजे तो पक्ष्याच्या अंगावर बांधायचा पट्टा, किती सैल, किती घट्ट हे एकदा करून बघितलं की आपल्या प्रोजेक्टमध्ये काय जमेल, काय नाही ते त्याच दिवशी कळतं.

आणि फील्ड ट्रिप! पहाटे अंधारात बसमध्ये बसतो तेव्हा शेजारी कोण बसलंय हे धड दिसतही नाही, मग दोन तास एकाच स्कोपमधून आळीपाळीने बघत असतो आणि परत येताना कळतं की ज्यांचे पेपर आपण तीन वर्षं वाचतोय त्या या. मला जे प्रश्न ईमेलने विचारायचं धाडस दोन वर्षं झालं नव्हतं ते मी पाणथळीच्या कडेला चिखलात उभं राहून विचारले. मोठी माणसं कशी मोजतात हे बघणं हेसुद्धा एक शिक्षण आहे, थवा उडाला तरी घाई नाही, आधी दहाचा एक गट डोळ्याने ठरवतात आणि मग तो गट थव्यावर सरकवत नेतात, आकड्यासोबत वेळ लिहितात, दिसलं नाही तर दिसलं नाही असंही लिहितात. न दिसणं म्हणजे नसणं नाही हे वाक्य आम्हाला वर्गात शिकवलंय, पण ते खरं कळलं त्या सकाळी, दहा मिनिटं एका जागी उभं राहून एकही न दिसलेला पक्षी अकराव्या मिनिटाला समोरच्याच गवतातून उठला तेव्हा.

ओळखी वाढवणं म्हटलं की मुलांना वाटतं मोठ्या शास्त्रज्ञांना गाठून कार्ड द्यायचं. ते कधीकधी होतं, पण माझ्या अनुभवात टिकतात त्या शेजारच्या पोस्टरवाल्यांशी झालेल्या ओळखी. माझ्या शेजारी उभा होता तो मुलगा दुसऱ्या खंडात माझ्याच पक्ष्याच्या भावकीतल्या एका पक्ष्यावर काम करत होता, दोन तास आमच्या दोघांकडेही फारसं कोणी आलं नाही म्हणून आम्ही एकमेकांचीच पोस्टरं वाचली, आणि लक्षात आलं की त्याच्याकडे रेकॉर्डिंग भरपूर आहेत पण घरट्यांच्या नोंदी नाहीत, माझ्याकडे बरोबर उलटं. आज आम्ही दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर बोलतो. पुढे दहा-पंधरा वर्षांनी आमचे पेपर तपासणारे, आम्हाला नोकरीला घेणारे, सोबत प्रोजेक्ट लिहिणारे हेच सगळे असणार आहेत जे आज पोस्टरशेजारी अवघडून उभे आहेत.

बोलायला सुरुवात कशी करायची हे मला एका सीनियर मुलीने सांगितलं होतं ते फार उपयोगी पडलं. मी अमुक संस्थेची, अमुक यांची विद्यार्थिनी अशी सुरुवात केली की समोरचा मान हलवतो आणि विषय संपतो. त्याऐवजी आपल्याला न कळलेली एक गोष्ट सांगायची, माझा पक्षी दुसऱ्या विणीला घरटं जास्त उंचावर बांधतो आणि मला कारण सापडत नाहीये, असं. संशोधक माणसाला कोडं दिलं की तो थांबतोच. आणि परत आल्यावर आठवड्याच्या आत ईमेल करा, नंतर त्यांच्याही लक्षात राहत नाही आणि आपल्यालाही लाज वाटायला लागते.

भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, आणि ती खूप कळकळीने करतेय. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (कामाचा आधी पाठवायचा सारांश) मागवता तेव्हा रिझल्ट असलेच पाहिजेत अशी अट बऱ्याच ठिकाणी असते, तारीखही कॉन्फरन्सच्या कित्येक महिने आधीची असते, मग ज्याचा हंगामच त्या मधल्या काळात यायचाय त्याने लिहायचं काय? चालू कामांसाठी वेगळा पोस्टर विभाग ठेवा, तिथे प्रश्न आणि पद्धत एवढंच मागा. विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाला परीक्षक असतात, बक्षीस दोघा-तिघांना मिळतं, पण परीक्षकाने कागदावर लिहिलेले शेरे बाकीच्यांना मिळतच नाहीत, ते सगळ्यांना द्या, आम्हाला बक्षिसापेक्षा त्या कागदाची गरज जास्त असते. एक सीनियर आणि चार-पाच विद्यार्थी असे गट करून तासभर बसवायची पद्धत काही कॉन्फरन्समध्ये आहे, ती सगळीकडे हवी, कारण आपणहून जाऊन बोलणारी मुलं कशीही बोलतातच, प्रश्न उरलेल्यांचा असतो.

खर्चाचं म्हणाल तर विद्यार्थ्यांना फी कमी असते, अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीसारख्या संस्था प्रवासासाठी मदतही देतात, काही ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम केलं की फी माफ होते. पण अर्ज करायची तारीख फार लवकर असते आणि मुलांना ती कळते तेव्हा गेलेली असते. गाइडनी प्रोजेक्ट लिहितानाच त्यात विद्यार्थ्याच्या एका कॉन्फरन्सचा खर्च धरला तर पुढची निम्मी धावपळ वाचेल. आणि जिथे जाणंच शक्य नाही तिथे ऑनलाइनचा मार्ग आहे. जगभरच्या पक्षीशास्त्रज्ञांची जी आंतरराष्ट्रीय काँग्रेस 1884 साली व्हिएन्नाला सुरू झाली ती 2022 मध्ये पूर्ण ऑनलाइन झाली, ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनने तर ट्विटरवर कॉन्फरन्स भरवल्या, मोजक्या ट्वीटमध्ये आपलं काम मांडायचं आणि लोक खाली प्रश्न विचारणार. कुठेही न जाता मुलांना त्यात भाग घेता आला हे फार मोलाचं आहे. फक्त वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून दाखवणारं कोणी तिथे भेटत नाही, म्हणून ऑनलाइनमध्येही पाच-सहा जणांच्या छोट्या खोल्या करून पोस्टरवर बोलायला वेळ द्यावा.

एक भीती गाइड लोक नेहमी बोलून दाखवतात, कल्पना चोरली जाईल. असं होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण पोस्टर लागलं, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तारखेसकट छापलं गेलं की हे काम कोणाचं चालू आहे हे शंभर लोकांना माहीत होतं, आणि माझ्या मते गुप्त ठेवण्यापेक्षा तेच जास्त संरक्षण आहे. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा मात्र पोस्टरवर कधीच टाकू नये, नकाशा ढोबळच ठेवावा, आणि पोस्टरचा फोटो काढलेला नको असेल तर तसं कोपऱ्यात स्पष्ट लिहावं, लोक ते पाळतात.

दुसरी भीती म्हणजे मुलगी चुकीचं बोलेल आणि लॅबचं नाव जाईल. माझी चूक तर सगळ्यांसमोरच निघाली, मोठ्या अक्षरात छापलेली होती. लॅबचं नाव गेलं नाही. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला शोधून काढून आणखी दोघांशी ओळख करून दिली आणि सांगितलं की हिच्याकडे घरट्यांचा चांगला डेटा आहे, हिला अ‍ॅनालिसिसला मदत करा. त्यातले एक आज माझ्या पेपरचे सहलेखक आहेत.

आमच्या लॅबमध्ये यंदा एक नवीन मुलगी आलीये, तिचा पहिला हंगाम नुकताच संपला, हातात अकरा घरटी आहेत. यावेळी परवानगी मिळालीये आणि ती पुढच्या कॉन्फरन्सला माझ्यासोबत येतेय. पोस्टरवर निष्कर्षाचा रकाना आम्ही मोकळाच ठेवलाय आणि त्यात तिने स्वतःच्या हाताने तीन प्रश्न लिहिलेत. अशा पोस्टरसमोरून तुमच्या वाचकांपैकी कोणी अनुभवी पक्षीअभ्यासक जात असतील तर त्यांनी दोन मिनिटं थांबून ते प्रश्न वाचावेत एवढीच विनंती.

आपली नम्र,
पक्ष्यांवर पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी